कोपऱ्यातला कपॅसिटर: एका लॅपटॉप बोर्डाच्या नोंदी

२४ जून, संध्याकाळ

लॅपटॉप आला. १५ इंची, पाच वर्षं वापरलेला, बिजागऱ्या शाबूत, स्क्रीनवर ओरखडा नाही. निफाडकडच्या एका ताईंचा आहे. घरच्या द्राक्षबागेचा सगळा कारभार त्या बघतात. गेल्या हंगामातल्या फवारण्यांची नोंद, मजुरीचा हिशेब, व्यापाऱ्यांकडून यायची बाकी, सगळं याच्यातच. पावसात भिजत नाशिकच्या सिडकोपर्यंत आल्या होत्या. "दादा, मशीन गेलं तर जाऊ द्या, पण आतलं वाचलं पाहिजे," हे त्यांचं पहिलंच वाक्य.

म्हणून सगळ्यात आधी तेच केलं. त्यांच्यासमोर एसएसडी (माहिती साठवणारा भाग) काढली, यूएसबी केसमध्ये घालून माझ्या मशीनला लावली आणि फोल्डर उघडून दाखवले. फवारणीची शीट दिसली तेव्हा त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून तो त्यांच्या हातात दिला, मगच बाकीचं विचारायला घेतलं.

तक्रार अशी: दहा-बारा दिवसांपूर्वी रात्री व्यवस्थित चालू होता, सकाळी सुरूच झाला नाही. चार्जर लावला की चार्जरचाच दिवा विझतो. घरातले आणखी दोन चार्जर लावून पाहिले, शेजाऱ्यांचाही लावला. शहरातल्या एका दुकानात दाखवला, तिथे "चार्जिंग आयसी गेला, आता बोर्डच बदलावं लागेल" असं सांगितलं. चार्जिंग आयसी म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप. सांगितलेला खर्च लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.

"याआधी कधी उघडला होता का?" विचारलं. मे महिन्यात फॅन फार आवाज करत होता म्हणून साफ करून घेतला होता. लिहून ठेवतोय.

चार्जर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा. नुसता मोजला तर १९.२ व्होल्ट. पण रिकाम्या चार्जरच्या व्होल्टेजवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून मोटरसायकलच्या इंडिकेटरचे १२ व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून त्याच्यावर भार टाकला. तेवढ्या भारावरही १९.० वर टिकला. चार्जर चांगला. लॅपटॉपला लावला तर दिवा विझतो, पेटतो, विझतो. खात्री करायला परत एकदा लावला, तेच. बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतोय.

२५ जून

उघडला. जाड पुठ्ठ्यावर तळाच्या झाकणाचा आकार काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवतो; सातपूरला पॅनेल टेस्टिंगला होतो तेव्हापासूनची सवय. दहा स्क्रू. त्यातला डाव्या बाजूचा एक दीड फेऱ्यातच हातात आला, बाकीचे पाच-सहा फेरे घेऊन निघाले. तिथले आटे खराब झाले असतील असं धरून पुढे गेलो.

पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. बॅटरी जोडलेली असताना बोर्डावर मीटरची टोकं फिरवणं म्हणजे आणखी एखादा भाग घालवणं. मग घड्याळाचा सेलही काढला. फॅन आणि हीटसिंक काढले, बोर्ड फ्रेममधून बाहेर घेतला.

उघड्या डोळ्यांना काय दिसतं? चार्जर आयसीवर पांढऱ्या मार्करचा ठिपका. त्या दुकानाची खूण असणार. शेजारी तपकिरी डाग, जळल्यासारखा. कुणीही बोट ठेवावं असाच डाग. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशने घासला तर दोन मिनिटांत निघून गेला आणि खालचा बोर्डाचा हिरवा थर स्वच्छ दिसला. सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो फ्लक्स होता, जुना. आयसीच्या पायांवर मात्र कुणी गरम हवा मारलेली नाही, कंपनीचंच सोल्डर आहे. म्हणजे आयसी बदलून पाहिलेला नाही, फक्त अंदाज बांधला. बोर्ड बदलण्याचा आकडा त्या डागावरून निघाला होता याचं मला खरंच वाईट वाटलं. मीटर लावायला पाच मिनिटं लागतात.

आता मोजमाप. लॅपटॉपमध्ये चार्जरचे १९ व्होल्ट जॅकवरून आत येतात, दोन मॉस्फेटमधून (वीज सोडणारे किंवा अडवणारे स्विच) जातात, मग एका अगदी लहान किमतीच्या रेझिस्टरवरून. त्याच्यावर 'आर०१०' छापलेलं असतं, म्हणजे १० मिलिओहम. त्याच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून आयसीला करंट कळतो. त्याच्या पुढे मेन लाइन सुरू होते आणि ती अख्ख्या बोर्डभर पसरते: ३ आणि ५ व्होल्टचा सेक्शन, रॅमचा सेक्शन, प्रोसेसरचा सेक्शन, सगळे तिथूनच पाणी भरतात.

जॅकपासून ग्राउंड (बोर्डाची शून्य व्होल्टची बाजू): शेकडो किलोओहम, चांगलं. आर०१० पासून ग्राउंड: ०.६ ओहम. मीटरच्या वायरींचे ०.२ वजा केले तर ०.४. इथे दहा-वीस किलोओहम तरी हवे होते. शॉर्ट मेन लाइनवर, दोन्ही मॉस्फेटच्या पुढे.

हे कळणं सोपं. मेन लाइनवर या बोर्डात साठच्या वर कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून लागेल तशी देणारे भाग) आहेत, शिवाय प्रत्येक सेक्शनचं वरचं, म्हणजे मेन लाइनकडचं मॉस्फेट. त्यातला नेमका कोण, हे काम उद्यावर.

२६ जून

शॉर्ट शोधायला लाइनवर बाहेरून करंट सोडतात, जो भाग शॉर्ट तो तापतो. पण त्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी, आणि घाईत हीच सुटते. प्रोसेसरच्या सेक्शनचं वरचं मॉस्फेट शॉर्ट असेल तर मेन लाइनवर सोडलेलं व्होल्टेज थेट प्रोसेसरमध्ये जातं. प्रोसेसरला लागतो व्होल्टच्या आसपास. तिथे १९ व्होल्ट गेले की खेळ संपला.

प्रत्येक सेक्शनचं व्होल्टेज त्याच्या कॉइलमधून बाहेर पडतं, म्हणून प्रत्येक कॉइल मोजली. प्रोसेसरच्या कॉइलपासून ग्राउंड ७.८ ओहम. इतका कमी आकडा बघून बरेच जण दचकतात, पण प्रोसेसरच्या लाइनवर हे नेहमीचंच आहे, तो शॉर्ट नव्हे. मेन लाइनपासून त्याच कॉइलपर्यंत ८.२. वरचं मॉस्फेट गेलेलं असतं तर हा आकडा एक ओहमच्याही आत आला असता. रॅमची कॉइल, ३ व्होल्ट, ५ व्होल्ट, सगळीकडे हाच हिशेब जुळला. मॉस्फेट सुटली, संशय कपॅसिटरवर आला.

डीसी सप्लाय १ व्होल्टवर, करंटची मर्यादा ३ अँपिअर. १ व्होल्टच का, तर माझा हिशेब कुठे चुकला तरी तेवढ्याने प्रोसेसर मरणार नाही. आर०१० च्या पुढच्या टोकाला जाड वायर सोल्डर केली, दुसरी ग्राउंडला. सप्लाय चालू. २.२ अँपिअर.

बोर्डवर अल्कोहोल पसरलं. तापलेल्या भागावरचं आधी उडतं, बाकी ओलं राहतं. पण आज बाहेर मुसळधार, खोलीत दमट हवा, वर पंखा. एका बाजूने सगळं सारखंच वाळत गेलं. पंखा बंद करून परत. काही नाही. मग राळ. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर राळेचा खडा टेकवला आणि धूर बोर्डावर बसू दिला. त्याची पांढुरकी साय धरते. गरम भागावरची साय वितळून पारदर्शक होते, एखाद्या दाण्याएवढा काळा ठिपका उमटतो. दोन्ही बाजूंना केलं. ठिपका उमटला नाही. जवळजवळ दोन वॉट उष्णता कुठेतरी निघतेय आणि मला दिसत नाही.

थर्मल कॅमेरा माझ्याकडे नाही. मग राहिलं मिलिव्होल्टचं मोजमाप, जे मला मनापासून आवडतं, कारण त्यात फक्त मीटर आणि सबूरी लागते. नाशकात गोदावरीला पूर किती चढला हे रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ठरतं. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आकडे नंतर येतात, लोक आधी मारुती बघतात. बोर्डावरही तसंच आहे. करंट शॉर्टच्या दिशेने वाहतो आणि वाटेत तांब्याचा बारीकसा अडथळा लागत असल्यामुळे लाइनचं व्होल्टेज शॉर्टकडे थोडंथोडं उतरत जातं. प्रत्येक कपॅसिटर म्हणजे पातळी वाचायचा एक मारुती. जिथे पातळी सगळ्यात खाली, तिथे पाणी मुरतंय.

मीटर मिलिव्होल्टवर, प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये. आर०१० जवळ ८९१. रॅमच्या सेक्शनपाशी ८८९. प्रोसेसरच्या वर ८८६. प्रोसेसरच्या डावीकडे ८८३. फॅनच्या बाजूला, डाव्या कोपऱ्याकडे ८७९, ८७७, ८७४. आणि मग कपॅसिटरच संपले. कोपऱ्यात काळी प्लॅस्टिकची इन्सुलेशन पट्टी चिकटवलेली होती.

ती पट्टी. राळेचा धूर तिच्या वरच बसला होता.

चिमट्याने कडेपासून हळूच उचलली. खाली दोन कपॅसिटर शेजारीशेजारी. एकावर ८७२, दुसऱ्यावर ८६८. दुसऱ्याला बोट लावलं तर चटकाच बसला. सप्लाय बंद केला. रात्रीचे पावणेबारा.

२७ जून

सकाळच्या उजेडात भिंगाखाली पाहिला. जळालेला नाही, काळा पडलेला नाही, फुगलेला नाही. नुसतं बघून कुणी त्याच्यावर संशय घेतला नसता. एका टोकाच्या चंदेरी टोपीपाशी, सोल्डरच्या कडेने वर तिरकी गेलेली एक रेघ, केसापेक्षा बारीक. दिवा आडवा धरला तरच दिसते.

सिरॅमिक कपॅसिटरच्या आत धातूचे आणि सिरॅमिकचे थर पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात. सिरॅमिक दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. बोर्ड वाकला की कपॅसिटर सोल्डरपाशी तडकतो, आणि तडा तिरका जातो तो अशाच जागेवरून. तडकल्या दिवशी तो शॉर्ट होईलच असं नाही. नंतर तड्यात दमट हवा शिरते, थरांमध्ये गळती सुरू होते, ती वाढत वाढत एका रात्री पूर्ण शॉर्ट. मे आणि जून यांचा मेळ इथे बसला.

पण बोर्ड वाकलाच का? लॅपटॉप पडलेला नाही, कोपऱ्याला ठोका नाही. कपॅसिटरपासून चार-पाच मिलिमीटरवर बोर्डात बसवलेला पितळी नट आहे. फॅनच्या कानाचा स्क्रू त्यात बसतो. पुठ्ठ्याकडे गेलो. फॅनचे तीन स्क्रू. व्हर्नियर लावला: ३.५, ३.५ आणि ६ मिलिमीटर. मग डाव्या बाजूचा तो दीड फेऱ्यात निघालेला झाकणाचा स्क्रू मोजला: ३.५. बाकीचे झाकणाचे सगळे ६.

अदलाबदल. मे महिन्यात फॅन साफ करताना झाकणाचा लांब स्क्रू फॅनच्या नटात गेला आणि फॅनचा आखूड झाकणात. लांब स्क्रू नटातून आरपार जाऊन खालच्या धातूच्या फ्रेमला टेकला. पुढे आवळत गेले तसा त्याने गाडीखाली जॅक लावावा तसा बोर्डाचा कोपरा वर उचलला. फ्रेमवर त्या जागी स्क्रूच्या टोकाचा गोल चकचकीत ठसा आहे. रंग खरवडून धातू उघडा पडलाय. बराच वेळ तो ठसा बघत बसलो.

ज्याने केलं त्याने मुद्दाम केलं नसणार. दहा मशीन रांगेत, सगळे स्क्रू एका वाटीत, दिसायला सारखे. पण हे सापडलं नसतं तर मी नवा कपॅसिटर लावून तोच लांब स्क्रू परत तिथेच आवळला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात ताई पुन्हा माझ्या दारात. परवा तो सैल स्क्रू हातात आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. दीड फेऱ्यात निघणाऱ्या स्क्रूचे आटे खराब असं म्हणून सोडणं चुकलं.

२८ जून

काढायचा कोणता हे कळलं, लावायचा कोणता? सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेलं नसतं. बोर्डावर छापलेल्या क्रमांकावरून सर्किटची आकृती आणि बोर्डव्ह्यू (कोणता भाग बोर्डावर कुठे आहे ते दाखवणारी फाइल) मिळाले. १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, एक्स५आर (सिरॅमिकची जात), ०८०५. शेवटचा आकडा आकाराचा: २ मिलिमीटर लांब, १.२५ रुंद. व्हर्नियरशी जुळला.

आकृती मिळाली नसती तर? त्याच पट्टीखालचा जुळा कपॅसिटर त्याच लाइनवर, त्याच आकाराचा आहे. तो काढून मोजला असता. मात्र एक लक्षात ठेवावं लागतं: या जातीच्या कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता उतरते. ०८०५ आकारात १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर १९ व्होल्टवर निम्म्याहून बराच खाली गेलेला असतो. मीटर शून्य व्होल्टवर मोजतो, त्याला हे दिसत नाही. म्हणून "१० च आहे ना, १६ व्होल्टचा चालेल" असं चालत नाही. १६ व्होल्टचा १९ वर टिकणारच नाही, आणि छोट्या आकाराचा बसवला तर कामाच्या वेळी हाती काही उरत नाही.

काढून टाकला तरी चालेल का? साठातला एक गेला तर मशीन बहुधा चालेल. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. मला पटत नाही. ज्याने आकृती काढली त्याने या कोपऱ्यात दोन ठेवले, कारण फॅन आणि प्रोसेसरचा सेक्शन जवळ आहे आणि तिथे करंट झटक्यात ओढला जातो. दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये कमी करून द्यायचा हक्क मला नाही.

स्क्रॅप बोर्डांवरून तीन काढून मोजले: ८.१, ८.४, ७.९. जुने झालेत, आणि काढताना त्यांनाही ताप लागलाय. तडकलेल्याच्या जागी वापरलेला नको. नवेच आणायचे.

३० जून

शेजारचे काका रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, पासवाले. त्यांना चिठ्ठी लिहून दिली होती. दुपारच्या सुट्टीत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन त्यांनी २० नगांची पट्टी आणली. चिठ्ठीत ३५ व्होल्ट लिहिलं होतं, तेच मिळाले. १९ व्होल्टच्या लाइनवर ३५ म्हणजे जरा मोकळा श्वास. मोजले: ९.६ ते ९.९. काकांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या मुलीच्या मोबाइलचं चार्जिंग पिन बघायचं ठरलं.

१ जुलै

सोल्डरिंग. नुसत्या सोल्डरिंग आयर्नने हा कपॅसिटर निघत नाही, कारण त्याचं ग्राउंडचं टोक तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेलं आहे. उष्णता तो थर पिऊन टाकतो. कंपनीचं सोल्डर शिशाशिवायचं, २१७ अंशांपुढे वितळणारं. म्हणून आधी दोन्ही टोकांना साधं ६३-३७ सोल्डर पाजलं. ते १८३ ला वितळतं, मिसळलं की काम सोपं. बोर्ड खालून शंभर अंशांच्या आसपास गरम केला. फॅनच्या प्लॅस्टिक कनेक्टरवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप. हॉट एअर ३५०, हवा कमी, फ्लक्स भरपूर. वीसेक सेकंदांत सोल्डर चमकलं आणि कपॅसिटर चिमट्यात आला. ओढला नाही. न वितळता ओढला की पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) उचकटून येतो आणि मग खरंच बोर्ड जातो.

मीटर लगेच लाइनवर: आकडा चढायला लागला. किलोओहम... ३८ किलोओहमवर थांबला. शॉर्ट गेला. काढलेला कपॅसिटर एकटा मोजला: ०.६ ओहम, वायरींसकट. तडा होता तिथून चिमट्याने दाबला तर दोन तुकडे झाले.

जुळा कपॅसिटरही काढला. त्यात तडा दिसत नाही, मोजमाप चांगलं, पण वाकलेल्या कोपऱ्यावर तोही महिनाभर बसला होता. दोघांच्या जागी नवे. पॅडवरचं जुनं सोल्डर तांब्याच्या वेणीने पुसून घेतलं, नवीन थोडं लावलं, कपॅसिटर ठेवून परत हॉट एअर. नव्या सिरॅमिकला सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट टेकवायचं नाही, अचानक तापलं की तेही तडकतं. थंडही आपोआप होऊ दिला. भिंगाखाली दोन्ही टोकांचा उतार गुळगुळीत.

२ जुलै

सप्लाय १९ व्होल्ट, मर्यादा अर्धा अँपिअर, जॅकवर जोडला. करंट ०.००. बटण दाबलं, ०.००.

शॉर्ट असताना लाइन तरी ओढत होती, आता काहीच ओढत नाही. जेवणानंतर मोजायला बसलो.

इथला चार्जर आयसी बीक्यू२४७३५ आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. जॅकवरचं व्होल्टेज दोन रेझिस्टरांनी वाटून त्याच्या एसीडेट पिनवर येतं. तिथे २.४ व्होल्टच्या वर मिळाले की तो चार्जर आला असं मानतो आणि समोरची दोन मॉस्फेट चालू करायला त्यांच्या गेटवर (चालू-बंदची आज्ञा घेणारा पाय) सोर्सपेक्षा ६ व्होल्ट जास्त देतो. वीज सोर्स आणि ड्रेन या बाकीच्या दोन टोकांमधून जाते. म्हणजे लाइन १९ वर असताना गेटवर २५ दिसले पाहिजेत. एसीडेटवर २.६८. चार्जर आलेला त्याला कळतोय. गेटवर? सोर्सपेक्षा अगदी थोडंसंच जास्त. आयसी ढकलतोय आणि कुणीतरी खाली ओढतंय.

सप्लाय काढून गेट आणि सोर्समध्ये ओहम मोजले: १.८ किलोओहम. मॉस्फेटचं गेट काचेसारख्या ऑक्साइडच्या थराने वेगळं असतं, तिथे मीटरने काहीच दाखवायला नको. पण दोन्ही मॉस्फेटचे सोर्स एकमेकांना जोडलेले, गेटही एकाच पिनवरून चालणारे. बोर्डावर मोजून दोघांतला कोण हे कळत नाही. एकाला उचलावंच लागतं. जॅकच्या बाजूचं उचललं: सुटं मोजल्यावर १.८ किलोओहम. बोर्डावर राहिलेल्यावर मीटर काहीच दाखवत नाही. एकाच फेरीत सापडलं.

हे मॉस्फेट पहिल्या दिवशी चांगलं होतं. चार्जरचा दिवा विझत-पेटत होता याचाच अर्थ ते उघडत होतं आणि शॉर्टमध्ये करंट जात होता. चार चार्जर, प्रत्येक वेळी झटका. आणि त्यात माझे दोन. पहिल्यांदा लावला तेव्हाच शॉर्ट आहे हे मला समजलं होतं; खात्रीसाठी दुसऱ्यांदा लावायची गरज नव्हती, मीटर समोर होता. कदाचित त्याच वेळी ते गेलं. या मॉस्फेटचे पैसे ताईंच्या बिलात धरणार नाही.

४ जुलै

स्क्रॅप बोर्डावर त्याच जातीचं मॉस्फेट मिळालं: एन चॅनेल, ३० व्होल्ट, तोच आकार, तेच पाय. एक ते तीन सोर्स, चौथा गेट, खालची अख्खी पाटी ड्रेन. काढायच्या आधी आणि नंतर मोजलं, गेट आणि सोर्समध्ये मीटर काहीच दाखवत नाही. बसवलं.

१९ व्होल्ट. करंट ०.०२. गेटवर २५.१. ३ आणि ५ व्होल्ट दोन्ही हजर. बटण. ०.०२ वरून ०.३, मर्यादेला टेकायला लागला तशी ती ३ अँपिअरपर्यंत वाढवली, ०.७, १.१, खाली ०.६, परत वर. करंटचा हा चढ-उतार म्हणजे रॅम तपासून मशीन पुढे सरकतंय. स्क्रीन जोडली नव्हती, जोडली. कंपनीचा लोगो आला.

पांढरा ठिपका अजून आयसीवर आहे. तो अल्कोहोलने पुसला. आयसीला काहीही झालेलं नव्हतं.

५ जुलै

जोडणी. नवी इन्सुलेशन पट्टी. हीटसिंकला नवी पेस्ट. फॅनच्या तिन्ही भोकांत ३.५ चेच स्क्रू आहेत हे व्हर्नियरने बघूनच लावले, झाकणाचे सगळे ६ चे. बोर्डाचा डावा कोपरा फ्रेमवर सपाट बसलाय का ते कडेला पोलादी पट्टी धरून पाहिलं. बसलाय. झाकणाच्या आतल्या बाजूला, फॅनच्या जागेसमोर, मार्करने लिहिलं: 'फॅनला ३.५ मिमी, झाकणाला ६ मिमी.' पुढे कुणीही उघडो.

बॅटरी जोडली, ४ टक्क्यांवरून चार्ज व्हायला लागली. तीन तास पूर्ण भार देऊन ठेवला. कोपऱ्यातल्या कपॅसिटरजवळ हात लावता येतो, कोमट.

७ जुलै

ताई आणि त्यांचे अण्णा दोघं आले. अण्णांना तो तुटलेला कपॅसिटर भिंगातून दाखवला. तांदळाच्या कणीपेक्षा लहान. "एवढ्याशानं?" म्हणाले, आणि भिंग बराच वेळ सोडलं नाही. मग दोन्ही स्क्रू शेजारी ठेवून दाखवले तेव्हा ताईंनीच सांगितलं, की मे मध्ये साफ करून आल्यापासून डाव्या कोपऱ्यात कीबोर्ड जरासा उचलल्यासारखा वाटायचा. आता झाकण लावल्यावर त्यांनी त्या जागी बोट फिरवून पाहिलं.

बिलात कपॅसिटर दोन, पेस्ट, मजुरी. सुट्या भागांची पुडी बिलाला टाचून दिली. महिन्याने नाशिकला येतील तेव्हा पाच मिनिटं थांबायला सांगितलंय, मेन लाइन एकदा परत मोजायची आहे.

६ ऑगस्ट

ताई आल्या होत्या. बॅटरी काढून मेन लाइन मोजली: ३८ किलोओहम, तेवढीच. गेट-सोर्समध्ये मीटर काहीच दाखवत नाही. फॅनच्या नटातला स्क्रू काढून पाहिला, त्याखालचा फ्रेमचा ठसा जुनाच आहे, नवा ओरखडा नाही. ३.५ चा परत लावला. लॅपटॉप परत दिला.